बिअरचा नळ आणि कूलरचं पाणी

मी आयुष्यात बिअरचा थेंब तोंडात घेतलेला नाही, पण बिअरचा नळ धुवावा तर मीच. अख्ख्या राजूरमध्ये ते काम माझ्याइतकं कोणाला जमत नसेल. यात फुशारकी काही नाही. दुसऱ्या कोणाच्या घरी असा नळच नाही, तर जमणार कुठून?

हे लचांड लेकानं आणलं. लेक नागपूरला नोकरीला आहे. तिथलं एक हॉटेल बंद पडलं, तेव्हा त्यानं त्यांचा बिअरचा जुना फ्रिज उचलून आमच्या मागच्या पडवीत आणून ठेवला. फ्रिजच्या पोटात बिअरचं स्टीलचं पिंप, त्याच्या शेजारी गॅसचं लहानसं सिलिंडर, पिंपातून निघालेल्या दोन नळ्या आणि वर दोन नळ. दांडी ओढली की ग्लासात फेसासकट थंड बिअर. महिन्याकाठी लेक आला की भरलेलं पिंप आणतो, रिकामं घेऊन जातो. "बाबांचा वेळ जाईल," असं म्हणाला होता.

बाबा म्हणजे आमचे हे. यांचा सगळा जन्म कोळशाच्या खाणीत इलेक्ट्रिशियन म्हणून गेला. खाणीची धूळ आणि बिडी, दोघींनी मिळून यांची फुप्फुसं वाटून खाल्ली. चार पावलं चालले की धाप लागते. नळ घरात आला आणि दोनच महिन्यांत डॉक्टरांनी यांची बिडीही बंद केली आणि बिअरही. मला वाटलं, चला, सुटले, आता हा फ्रिज जाईल भंगारात. कशाचा जातो! हे म्हणाले, "मी नाई पेत, पण दोस्त तं पेतात." खाणीतले यांचे तीन जुने सोबती. दर रविवारी संध्याकाळी सहाला येतात, एकेक ग्लास घेतात, फार तर दुसरा अर्धा, आणि आठ वाजता आपापल्या घरी जातात. हे नळापाशी स्टूल टाकून बसतात, दांडी ओढतात, ग्लास तिरपा धरून फेस कमी-जास्त करतात आणि स्वतः लिंबाचं सरबत पितात.

आता सांगा, पिणारे तिघं, पाजणारा चौथा आणि धुणारी मी. ही कुठली तऱ्हा?

पण घाण दिसली की माझा हात थांबत नाही, तिथंच मी अडकले. पहिल्या महिन्यात यांचा एक सोबती म्हणाला, "आज बिअर आंबूस लागून राह्यली." मी टॉर्च घेऊन नळाच्या तोंडात पाहिलं. माय वं! आत काळा शेवाळासारखा चिकट थर, आणि नळीला आतून पिवळट साका. स्वयंपाकघरात असं भांडं निघालं असतं तर मी रात्रभर झोपले नसते. लेकाला फोन लावला. तो म्हणाला, दर पंधरा दिवसांनी नळ्या धुवायच्या असतात, मी सांगायलाच विसरलो. विसरला म्हणे! बाप आणि लेक, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा.

तेव्हापासून ते माझ्याच गळ्यात पडलं. पिंप सोडवायचं, गॅस बंद करायचा. कोमट पाण्यात कॉस्टिक सोड्याची पावडर कालवायची. ते पाणी हातपंपानं नळ्यांत भरायचं आणि वीस मिनिटं तसंच ठेवायचं. पंप फवारणीचाच, पण कोरा आणलेला, कधी औषध न पाहिलेला. आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषानं माणसं गेलीत, त्या पंपाशी इथं कोणी गंमत करत नाही. तोवर पान्यानं नळ खोलायचे, आतली रबरं काढायची, लहान ब्रशनं घासायची. मग नळ्यांतलं कॉस्टिकचं पाणी बादलीत काढायचं आणि साध्या पाण्यानं नळ्या पुन्हा पुन्हा धुवायच्या, कॉस्टिकचा अंशसुद्धा राहू नये म्हणून. ते फार वाईट असतं. बोटाला लागलं तर कातडी सोलते. पोटात किंवा छातीत गेलं तर काय करेल, हे लेकानं फोनवर इतक्या वेळा सांगितलं की मला पाठ झालं.

अंश राहिला की नाही हे कसं ओळखायचं, ते मात्र माझं मीच शोधून काढलं. हळदीच्या डागावर साबण घासला की डाग लालभडक होतो, हे धुणं धुणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक असतं. मी कागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवून ठेवल्या. नळातून आलेल्या पाण्यात पट्टी बुडवायची. लाल झाली तर आणखी धुवा, पिवळीच राहिली तर झालं. लेकाला सांगितलं तर म्हणाला, "आई, तू तं सायंटिस्ट निघालीस." म्हटलं, जास्त मस्का नको मारू, पुढच्या वेळी रबरं नवीन घेऊन ये.

तर हे सगळं ठीक. अडचण पाण्याची. उन्हाळ्यात आमच्याकडं नळाला पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी येतं, तेही तासभर. नळ्या नीट धुवायच्या तर तीन-चार बादल्या जातात. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तर आठ दिवस थेंब नव्हता. एका गुरुवारी ड्रमचा तळ दिसला आणि माझं डोकं सटकलं. मी यांना म्हटलं, "प्यायला पाणी नाही घरात, आणि मी बिअरच्या नळ्या आंघोळी घालू? बस झालं. या रविवारी शेवटचं. पुढं हा नळ बंद." हे पंख्याकडं बघत राहिले. मला वाटलं, ऐकलंच नाही.

त्याच आठवड्यात यांची थोरली बहीण महागावहून आली होती. मी त्यांना अक्का म्हणते. अक्कांचं पाण्याचं वेड वेगळंच. त्यांच्या हयातीत एक तांब्याही वाया गेलेला नाही. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, हात धुतलेलं पाणी, सगळं गोळा करतात आणि कूलरमध्ये ओततात. तसं आमच्या भागात कोण ओतत नाही? उन्हाळ्यात वऱ्हाडातल्या घरात कोणतंही उरलेलं पाणी शेवटी कूलरच्याच पोटात जातं. पण अक्का म्हणजे अती. बादली जरा नजरेआड झाली की गेली कूलरमध्ये.

आमचा कूलर समोरच्या खोलीच्या खिडकीत. लोखंडी, मोठा, विमानासारखा आवाज करणारा. आत मोटर पाणी वर चढवते, ते गवताच्या ताट्यांवरून झिरपतं आणि त्यातून थंड वारा येतो. त्या वाऱ्यात यांचा पलंग. मे महिन्यातल्या दुपारी यांना तोच आधार, नाहीतर गरम हवेत छाती भरून येते. दुपारी आम्ही दोघी बायका आतल्या खोलीत फरशीवर पडत होतो, हे समोर कूलरपाशी. चार वाजता मी चहा घेऊन बाहेर यायची. दोन दिवस संध्याकाळी कूलर भरताना पाणी कमी लागत होतं. ताट्या जुन्या झाल्या असतील, म्हटलं, आणि सोडून दिलं.

रविवारी जेवणं झाली. हे जाऊन पडले. अक्का आत पडल्या. मी पडवीत पदर खोचून नळ्या धुवायला बसले. कॉस्टिक भरलं, वीस मिनिटं ठेवलं, नळ खोलून घासले. मग नळ्यांतलं सगळं कॉस्टिकचं पाणी निळ्या बादलीत काढलं. नेहमी ते काढलं की मी तशीच उठते आणि संडासात ओतून येते. हात न धुता, दुसरं काही न करता, आधी ते. हा माझा नियम होता.

तेवढ्यात गल्लीत टँकरचा भोंगा वाजला.

आता ज्याच्या घरी आठ दिवस पाणी नाही, त्यानं टँकरचा भोंगा ऐकून नियम आठवून दाखवावा. मी दोन ड्रम ढकलत, हातात पाइप घेऊन, डोक्यावर पदरही न घेता धावले. गल्लीत नेहमीचंच. कोणाचा पाइप कोणाच्या ड्रमात, कोण आधी, कोण मागाहून. अर्धा-पाऊण तास गेला. ड्रम भरले, जीव थंड झाला. घामानं निथळत पडवीत आले आणि पाहते तर निळी बादली पालथी. स्वच्छ, रिकामी, भिंतीला टेकवून ठेवलेली.

समोरच्या खोलीतून अक्का तांब्या घेऊन येत होत्या.

"अक्का, या बादलीतलं पाणी?"

"कूलरात टाकलं. एवढं सफा पाणी, तू टाकून देल्लं असतं. तसा भरलेलाच होता कूलर, एका बादलीतच काठोकाठ आला, पाह्य."

कूलर तिकडं घरघरत होता आणि त्याच्यासमोर हे झोपलेले. त्या थकलेल्या फुप्फुसांत अर्धा तास ते कॉस्टिक फवारलं जात होतं. आपल्या हातानं आपण नवरा मारला, एवढंच माझ्या डोक्यात आलं, दुसरं काही नाही.

मी धावले. भिंतीवरचं मुख्य बटनच बंद केलं. हे तोंड उघडं टाकून झोपले होते, छातीवर ओला गमछा. मी खांद्याला धरून गदागदा हलवलं. "उठा! उठा म्हणते ना! बाहेर चला!" हे दचकून उठले आणि त्यांना जो खोकला लागला, तो थांबेचना. मी अर्धं उचलून, अर्धं ओढून त्यांना अंगणात कडुनिंबाखाली आणून बसवलं. चेहरा लाल झालेला, डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, संपलं. हेच ते. लेकानं सांगितलं होतं तसंच.

"काय झालं वं? काहून उठवलं त्याले?" अक्का मागून ओरडत होत्या.

"अक्का, ते कॉस्टिक होतं हो! जहर!"

अक्का जागच्या जागी खाली बसल्या. "म्या काय केलं वं माय!" म्हणून त्यांनी कपाळ बडवून घ्यायला सुरुवात केली. त्यांची काय चूक होती? चूक माझी होती. बादलीवर खूण नाही, झाकण नाही, काही नाही. पण त्या वेळी त्यांच्याकडं बघायला मला सवड नव्हती.

मी परत आत गेले, डब्यातली हळदीची पट्टी काढली आणि कूलरचं दार उघडून पाण्यात बुडवली. मनात म्हणत होते, एवढ्या पाण्यात चार लिटर ते काय, विरून गेलं असेल, देवा, पिवळी राहू दे. पट्टी बघता बघता लाल झाली. फोन हातात घेतला आणि वणीला दवाखान्यात न्यायला ऑटोवाल्याचा नंबर शोधू लागले.

अंगणातून यांची हाक आली. खोकता खोकता, अर्धी अर्धी. "अवं... काय... झालं काय?"

मी जाऊन सांगितलं. कूलरमध्ये कॉस्टिक गेलं, तुमच्या छातीत गेलं, आता दवाखान्यात चला, बोलू नका. माझं बोलणं कमी आणि रडणं जास्त. हे माझ्याकडं बघत राहिले, आणि मग, खोटं नाही सांगत, हसायला लागले. हसताना पुन्हा खोकला. मला असा राग आला! म्हटलं, "इथं माझा जीव चालला आणि तुम्ही दात काढता?"

"कायचं कॉस्टिक न् कायचं काय," हे म्हणाले. "मोटर बंद आहे."

"काय?"

"कूलरची मोटर. बंद आहे. नुसता पंखा चालू होता. पाणी वर चढलंच नाई तं छातीत कसं जाईन?"

माझा विश्वास बसेना. आत गेले. पंख्याचं बटन चालू, मोटरचं बंद. कूलरच्या ताटीला हात लावला. कोरडी ठणठणीत. बोटं दाबली तर आतलं लाकडी गवत कडकड मोडलं. दुसरी ताटी, तिसरी ताटी, सगळ्या तशाच वाळलेल्या. त्या दुपारी तिथून पाण्याचा एक थेंब झिरपला नव्हता. कॉस्टिक खाली टाकीत होतं तसंच पडून होतं, कोणाच्या नाकाला न शिवता.

मी तिथंच, कूलरला पाठ टेकून, खाली बसले. इतकं हलकं वाटलं की हातपायच नाहीत असं वाटलं. बाहेर अक्का अजून कपाळ बडवत होत्या. मी ओरडून सांगितलं, "अक्का, काही नाही झालं! मोटर बंद होती!" त्यावर त्या आधी रडल्या, मग देवाला हात जोडले, मग भावाला शिव्या घातल्या, "मुडद्या, आधी सांगाले काय झालतं तुले!" एका दमात तिन्ही. मला हसू आवरेना. रडू आणि हसू एकदमच येत होतं, आणि ते यावं, असं वाटत होतं.

यांचा खोकला हळूहळू बसला. झोपेतून दचकून उठवल्याचा खोकला होता तो, दुसरं काही नाही. मी पाणी दिलं, पाठ चोळली. श्वास जागेवर आला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन. मोटर बंद असली की कूलर म्हणजे नुसता गरम झळांचा पंखा. त्यात हा छातीचा पेशंट माणूस दुपारभर पडून होता?

"मोटर काहून बंद होती?" मी विचारलं.

हे कडुनिंबाकडं बघायला लागले.

"बिघडली का?"

"नाई."

"मग?"

"शुक्रवारपासून बंदच ठेवतो. तुमी आत गेल्या की बंद करतो, चाराच्या आधी चालू करतो." मग थोडं थांबून म्हणाले, "लय पाणी पेते ना हा कूलर. तूच म्हणत होती, नळ्या धुवाले पाणी पुरत नाई. म्हटलं, तेवढंच पाणी वाचंन."

शुक्रवार, शनिवार, रविवार. तीन दुपारी. आम्ही आत गार फरशीवर पडत होतो आणि हा माणूस ओला गमछा छातीवर टाकून झळा खात होता. कशासाठी, तर ज्या बिअरचा घोट त्याला घेता येत नाही, तिचा नळ बंद होऊ नये म्हणून. मला रागही आला आणि मायाही. राग आधी बाहेर पडला. "अक्कल आहे का? श्वास अडकला असता म्हणजे? त्या तिघांच्या बिअरपायी जीव देता का? आणि नळ नसला म्हणून काय ते येणार नाहीत? तीस वर्षांचे सोबती तुमचे. चहा प्यायलाही येतील."

यांनी गमछ्यानं तोंड पुसलं.

"येतीन बी," ते म्हणाले. "पण मले त्याइची परीक्षा नाई घ्याची."

मी त्यांच्याकडं बघितलं. हे आता चौकापर्यंत जाऊ शकत नाहीत. कोणाच्या घरी जाणं नाही, बाजार नाही, लग्नकार्य नाही. आठवड्यातले दोन तास कोणीतरी यांच्या दारात येतं, यांच्या हातचं घेतं आणि "वा!" म्हणतं. एवढी वर्षं मी बिअरची घाण काढते म्हणून कुरकुरत होते, आणि हे मला एकदाही दिसलं नव्हतं.

मी उठले. कूलर रिकामा केला. ते पाणी संडासात ओतताना अक्का बाजूला उभ्या राहून बघत होत्या, आणि पहिल्यांदाच काही म्हणाल्या नाहीत. टाकी धुतली, पट्टी बुडवून पाहिली, पुन्हा धुतली. मग टँकरचं ताजं पाणी भरलं आणि मोटर चालू केली. ताट्या भिजल्या, वारा गार झाला. यांना हाताला धरून आत आणलं, पलंगावर निजवलं. पाच मिनिटांत झोपले. मी काही वेळ उभी राहून त्यांची छाती वर-खाली होताना बघितली.

मग पडवीत गेले. सहा वाजायला अजून दोन तास होते. टँकरच्या पाण्याचा भरलेला ड्रम मी नळ्यांपाशी ओढून घेतला आणि पट्टी पिवळी राहिल्यानंतरही नळ्यांत पाणी सोडत राहिले.